दोन्हीकडून आलेलं संचलन

हवामानबाईंना संचालकांनी आपल्या खोलीत बोलावून "बसा" म्हटलं, तेव्हाच त्या सावध झाल्या. रेडिओ केंद्रात संचालक सहसा कुणाला बसा म्हणत नसत. म्हटलंच तर एक तर कुणी वारलेलं असे, नाहीतर काम असं असे की ते ऐकून माणसाला उभं राहवणार नाही.

वारलं कुणीच नव्हतं. राष्ट्रीय संचलनाचं धावतं वर्णन दर वर्षी करणाऱ्या ज्येष्ठ निवेदकांचा घसा बसला होता. हा घसा मोठा विलक्षण होता. त्यातून चहा व्यवस्थित खाली जात होता, गप्पा व्यवस्थित वर येत होत्या, फक्त संचलनाचं नाव काढलं की तो बसत होता. तेव्हा यंदा वर्णन तुम्हीच करा, असं संचालक म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

बाईंनी आपली अडचण सांगितली. त्या आजवर फक्त संध्याकाळचं हवामान सांगत आल्या होत्या. उद्या आकाश निरभ्र राहील, परवा तुरळक सरी पडतील, वाऱ्याचा जोर वाढेल. यापलीकडे त्यांची जीभ कधी वळलेली नव्हती. शिवाय त्यांनी सांगितलेलं आकाशाने कधी मनावर घेतलं नव्हतं. बाई निरभ्र म्हणाल्या की निम्मं शहर छत्री घेऊन बाहेर पडे. पण संचालकांची खरी काळजी वेगळीच होती.

राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. कशावरून बिनसलं ते मात्र कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे खातेवाटप, कुणी म्हणे कुठल्याशा उद्घाटनाची फीत आधी कुणी कापायची त्यावरून. दोघांची कार्यालयं एकमेकांना काही कळवायचं झालं तर वर्तमानपत्रातून कळवत. आणि आता दोन्ही कार्यालयांनी संचालकांना स्वतंत्र फोन करून बजावलं होतं की वर्णनात आमच्या साहेबांचं नाव आधी आलं पाहिजे.

"मग मी कुणाचं नाव आधी घेऊ?" बाईंनी विचारलं.

"कुणाचंच घेऊ नका. मान्यवर म्हणा," संचालक म्हणाले. "आणि बाई, काहीही झालं तरी मध्ये गप्प बसू नका. रेडिओवर शांतता झाली की लोकांना वाटतं सरकार पडलं."

घरी बातमी कळल्यावर सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे बाईंचा दीर, पायदळात होता आणि यंदा संचलनात चालणार होता. मुलगा चालणार आणि सून सांगणार, म्हणजे संचलन जवळजवळ घरातलंच झालं, असं त्यांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं. फक्त सुनेने त्याचं नाव घ्यावं एवढाच त्यांचा आग्रह होता. राष्ट्राध्यक्षांचंही नाव घ्यायला बंदी आहे, हे काही त्यांना पटेना.

दीर आदल्या दिवशी दुपारी तासाभरापुरता घरी आला होता. जेवताना तो नेहमीसारखी थट्टा करत नव्हता. आई आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "वहिनी, यंदा बंदुका रिकाम्या नाहीयेत."

बाईंचा घास हातातच राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. पलटणींमध्ये सरळसरळ दोन फळ्या पडल्या होत्या. पुलापलीकडच्या छावणीतल्या पलटणी राष्ट्राध्यक्षांच्या शब्दातल्या, स्टेशनापलीकडच्या पंतप्रधानांच्या. त्या फळीने काडतुसं घेतली म्हणून या फळीने घेतली, की याच्या उलट, हे त्यालाही माहीत नव्हतं. कुणाला काही करायचं नव्हतं. नुसती जवळ असावीत म्हणून दिली होती. "तसं काही होणार नाही," असं म्हणून त्याने ताटातलं निम्मं तसंच टाकलं. हे त्याच्या बाबतीत यापूर्वी कधीही घडलेलं नव्हतं.

संचलनाच्या सकाळी बाई रुंद राजरस्त्याच्या कडेला उभारलेल्या लाकडी खोक्यात जाऊन बसल्या. खोकं उंच खांबांवर होतं आणि वर जायला शिडी होती. आत एक मायक्रोफोन, दोन स्टुलं आणि वायरींची भेंडोळी. ध्वनियंत्रणा सांभाळायला भोंगा होता. भोंगा हे त्याचं केंद्रातलं नाव. हा माणूस इतका हळू बोले की त्याचं लग्न ठरलेलंसुद्धा लोकांना पत्रिका आल्यावर कळलं होतं. त्याने बाईंना बोटाने रस्ता दाखवला. एका टोकाला पूल, दुसऱ्या टोकाला रेल्वे स्टेशन, आणि मधल्या प्रत्येक खांबावर एक कर्णा बांधलेला.

"तुम्ही शिंकलात ना, तरी अख्खा रस्ता ऐकेल," तो पुटपुटला.

समोरच मंच होता. मंचावर लाल गालिचा होता आणि त्यावर दोन खुर्च्या. या खुर्च्यांची कथा भोंग्याने पहाटेपासून डोळ्यांनी पाहिली होती. आधी एका कार्यालयाचा सुतार येऊन आपल्या साहेबांच्या खुर्चीखाली फळी ठोकून गेला. थोड्या वेळाने दुसऱ्या कार्यालयाचा सुतार आला आणि त्याने दुसऱ्या खुर्चीखाली जरा जाड फळी ठोकली. मग पहिला परत आला. गर्दी जमायला लागली म्हणून दोघे थांबले, एवढंच. त्यामुळे मान्यवर येऊन बसले तेव्हा त्यांना चढवायला माणसं लागली, आणि चढून बसल्यावर दोघांचेही पाय गालिच्याला टेकेनात. देशातले सर्वांत मोठे दोन पुरुष, एक सरळ पुलाकडे पाहतोय, एक सरळ स्टेशनाकडे, आणि चारही बूट हवेत. कुणी हसलं नाही. माणसांनी इतकी उंची कधी पाहिली नव्हती.

बाईंनी सुरुवात बरी केली. मान्यवर स्थानापन्न झाल्याचं सांगितलं, आकाश निरभ्र असल्याचं सांगितलं, आणि ते खरंच निरभ्र आहे हे पाहून त्यांना जरा धीर आला. तेवढ्यात पुलाकडून ढोलांचा आवाज आला.

बाईंनी सैन्य असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. आधी आवाज आला, मग खोक्याच्या लाकडात बारीक थरथर आली, ती स्टुलातून त्यांच्या पाठीत चढली, आणि मग रस्त्याच्या त्या टोकाला एक रेघ दिसली. रेघेची भिंत झाली आणि भिंत चालू लागली. हजारो पाय एकदम उचलले जात होते आणि एकदम पडत होते. याच भिंतीत आपला दीर आहे, ज्याला घरात चपला कुठे काढल्या तेही आठवत नाही, हे बाईंना खरं वाटेना. त्यांचा आवाज आपोआप खाली आला. लोक सांगतात की त्या वेळचं वर्णन ऐकून घराघरांत माणसं उठून उभी राहिली होती.

भोंग्याने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्याने कधीच कुणाला हात लावला नव्हता, म्हणून बाईंनी वळून पाहिलं. तो स्टेशनाकडे बोट दाखवत होता.

तिकडूनही एक रेघ येत होती.

बाईंना वाटलं असेलच तसं. संचलनाचा आराखडा त्यांना कुणी समजावलेला नव्हता. "आणि दुसऱ्या दिशेनेही आपले जवान येत आहेत," असं त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगून टाकलं. मागाहून जे कळलं ते असं. दर वर्षी संचलन पुलाकडून येई. यंदा पंतप्रधानांच्या कार्यालयाने ठरवलं की ते स्टेशनाकडून येईल, म्हणजे पहिली सलामी त्यांच्या बाजूला पडेल. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने ठरवलं की काहीही बदलणार नाही. दोघांनी आपापल्या पलटणींना हुकूम दिले आणि दुसऱ्याला कळवलं नाही, कारण त्या दिवशी वर्तमानपत्राला सुट्टी होती.

दोन्ही बाजूंचे बँड आपापली धून वाजवत जवळ आले. एका धुनीवर डावा पाय पडायचा तेव्हा दुसऱ्या धुनीवर उजवा. जसजसं अंतर कमी झालं तसतशी पावलं गोंधळू लागली, आणि शेवटी दोन्ही बँड आपणहून थांबले. दोन्ही भिंती बरोबर मंचासमोर येऊन उभ्या राहिल्या. मध्ये एखादी बैलगाडी आडवी जाईल एवढी जागा उरली होती. एका बाजूच्या अधिकाऱ्याचा घोडा आणि दुसऱ्या बाजूच्या अधिकाऱ्याचा घोडा नाकासमोर नाक आणून एकमेकांचा वास घेऊ लागले. त्या अख्ख्या रस्त्यावर आपुलकी अशी तेवढीच होती.

मग शांतता झाली. एवढ्या माणसांची एवढी शांतता बाईंनी कधी ऐकली नव्हती. कुठेतरी एक मूल रडायला लागलं आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला तेही ऐकू आलं. पुढच्या रांगेतल्या एका जवानाने बंदुकीवरची बोटं सरकवून पुन्हा घट्ट केली. समोरच्यानेही केली. दोन्ही अधिकाऱ्यांनी मंचाकडे पाहिलं. मंचावरचे दोघे जागचे हलले नाहीत. आधी जो बोलेल तो आधी नमला, असा हिशेब असावा. शिवाय आधाराशिवाय त्यांना खुर्चीवरून उतरताही येत नव्हतं.

बाईंच्या डोळ्यांपुढे दिराचं अर्धं टाकलेलं ताट आलं. पण रेडिओवर शांतता पसरत चालली होती आणि संचालकांचे शब्द त्यांच्या कानात घणघणत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "आणि आता..."

आता पुढे वाक्य हवं. खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून "आणि आता" घुमत पुलापर्यंत गेलं, स्टेशनापर्यंत गेलं. दोन्ही पलटणींनी माना किंचित वर केल्या. बाईंना पुढचं काहीही सुचेना. मग इतक्या वर्षांची सवय असलेली त्यांची जीभ आपली आपण चालू लागली.

"आणि आता दोन्ही बाजूंच्या तुकड्या एकमेकींच्या मधून... शांतपणे... पुढे सरकतील. कुठेही अडथळा येणार नाही. सर्वत्र वातावरण स्वच्छ राहील."

बाईंना वाटत होतं आपण अंदाज सांगतोय. पण लष्करात हुकूम भविष्यकाळातच देतात, तुकडी वळेल, तुकडी थांबेल, हे त्यांना दिराने नंतर सांगितलं. उन्हात उभ्या असलेल्या त्या हजारो माणसांना वरून कुणीतरी काहीतरी सांगावं, एवढंच हवं होतं. आणि हा आवाज तर अगदी डोक्यावरून आला होता. दोन्ही अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. दोघांनी एकाच वेळी आरोळी दिली.

मग जे झालं ते पाहताना बाईंना श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. दोन्ही भिंती उकलल्या. माणसामाणसांत फट पडली आणि त्या फटीत समोरचा माणूस शिरला. हाताची बोटं हाताच्या बोटांत जावीत तशी एक फौज दुसऱ्या फौजेतून जाऊ लागली. खांदे घासले, पट्टे अडकले, "सॉरी हां", "जा, जा" असं कुजबुजणं झालं, आणि ज्या बोटांनी बंदुका आवळल्या होत्या त्याच बोटांनी कुणी कुणाची तिरकी झालेली टोपी सरळ केली. गर्दीतून एक हुंकार उठला, देवळात उठावा तसा. बाईंचे डोळे भरून आले. त्यांचं भाकीत आयुष्यात पहिल्यांदा तंतोतंत खरं होत होतं, आणि तेसुद्धा एवढं मोठं.

आनंद करायला सवड नव्हती. पायदळामागून दोन्हीकडून रणगाडे येत होते, आणि रणगाड्यांना काही फटी पडत नाहीत. "रणगाडे आपापल्या डाव्या हाताने जातील," बाई घाईने म्हणाल्या. रणगाडे डाव्या हाताने गेले. रस्त्याच्या कडेचा एक बाक तेवढा सपाट झाला. घोडदळ? घोडदळ थोडा वेळ विश्रांती घेईल. घोडदळाने विश्रांती घेतली. आपण म्हणू ते होतंय, हे कळल्यावर साधं वाक्य उच्चारायचीही त्यांना भीती वाटायला लागली. त्या शब्द जपून, एकेक तपासून बाहेर सोडू लागल्या.

तेवढ्यात आकाशात घरघर झाली. विमानंही दोन्हीकडून येत होती. बाईंनी वर पाहिलं, भोंग्याने वर पाहिलं, मंचावरच्या दोघांनी वर पाहिलं. कर्ण्याचा आवाज तिथपर्यंत पोचण्यासारखा नव्हता. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा एक रांग दुसऱ्या रांगेच्या वरून अलगद निघून गेली होती. वैमानिकांना उड्डाणाची परवानगी एकाच मनोऱ्यातून घ्यावी लागे आणि मनोऱ्यात एकच माणूस होता, त्यामुळे आकाशात मतभेदाला वावच नव्हता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. परदेशी पाहुणे उभे राहिले. इतकं अवघड संचलन आपण कुठेही पाहिलं नाही, असं त्यांच्यातले एक जण मान्यवरांना सांगत होते. दोन्ही मान्यवरांनी मान तुकवून कौतुक स्वीकारलं. प्रत्येकाला वाटलं, ही दुसऱ्याची करामत. आणि आपल्याला ठाऊक नव्हतं असं दाखवायची कुणाचीच तयारी नव्हती.

घोळ पुढेच होता. पुलाकडची फौज आता स्टेशनाला पोचली होती आणि स्टेशनाकडची पुलावर. राष्ट्राध्यक्षांचा बंगला पुलाशी होता. त्याच्या चहूबाजूंना पंतप्रधानांच्या पलटणी, गोळ्यांसकट, हिरवळीवर बसून बूट सैल करत होत्या. पंतप्रधानांचा बंगला स्टेशनाशी. तिथे फाटकाला टेकून राष्ट्राध्यक्षांचे जवान पाणी मागत होते. मंचावर दोन्ही सचिव धावत आले आणि आपापल्या साहेबांच्या कानाला लागले. दोन्ही साहेबांचे चेहरे एकाच वेळी पांढरे पडले. आपण वेढले गेलो आहोत, हे दोघांना एकदमच कळलं.

सचिवांनी पलटणींना परत फिरायचे हुकूम धाडले. अधिकाऱ्यांनी ते नम्रपणे ऐकून घेतले आणि सांगितलं की कागदाचे हुकूम सकाळी पाळून पाहिले, आता कर्ण्यावरून येईल तेच ऐकू.

त्यामुळे थोड्या वेळाने बाईंच्या खोक्याची शिडी करकरली आणि आत राष्ट्राध्यक्ष आले. बाई धडपडत उठल्या, भोंग्याने घाईने मायक्रोफोन बंद केला. शिडी पुन्हा करकरली आणि पंतप्रधान आले. खोकं मुळात दोन माणसांचं. चौघांत मिळून हात हलवायला जागा उरली नाही. नोटेवर, टपालाच्या तिकिटावर पाहिलेले ते दोन चेहरे बाईंच्या इतके जवळ आले की एकाने दाढी करताना हनुवटीखालचा कोपरा सोडलेला त्यांना दिसला, आणि दुसऱ्याचा श्वास शिडी चढून फुललेला ऐकू आला. बाईंचे पाय लटपटू लागले. लटपटायलाही जागा नव्हती म्हणून त्या उभ्या राहिल्या.

"मघाचा हुकूम तुम्हाला कुणी दिला?" राष्ट्राध्यक्षांनी विचारलं. पंतप्रधान कान देऊन ऐकू लागले.

खोटं बोलायचं तर नाव कुणाचं घ्यायचं, हा प्रश्न होताच. "कुणी नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "मला पुढे काय बोलावं तेच सुचत नव्हतं."

मग पंतप्रधान भोंग्याच्या यंत्राकडे पाहत हळूच म्हणाले, "तसं होतं खरं कधी कधी."

"होतं," राष्ट्राध्यक्ष म्हणाले.

उन्हाळ्यापासूनचं त्या दोघांचं हे पहिलं संभाषण. ते आपल्या देखत झालं, याने बाईंच्या अंगावर काटा आला.

मग जवानांना परत पाठवण्याचं वाक्य ठरवायला घेतलं. आधी कुणाच्या पलटणी निघतील यावर पुन्हा थोडं अडलं. आधी माझ्या निघाल्या तर तुमच्या तिथेच राहतील, असं दोघांनाही वाटत होतं. बाईंना भूक लागली होती, दिराची काळजी होती, आणि खोक्यात गुदमरायला होत होतं. त्यांनी दोन्ही साहेबांकडे पाहिलं. तुम्हीच काय ते बोला, अशी दोन्ही साहेबांनी मान हलवली. भोंग्याने मायक्रोफोन चालू केला आणि बाई त्याच्यासमोर वाकल्या.

"आता सगळे जण बंदुका जमा करून एकाच वेळी आपापल्या घरी जातील. ज्यांची वाहनं आहेत ते वाहनं घेऊन जातील. सर्वांचा दिवस सुखाचा जाईल."

खालून आधी हशा आला, मग शिट्ट्या आल्या, आणि मग सुटी झालेल्या शाळेसारखा तो अफाट रस्ता रिकामा होऊ लागला. रणगाड्यावर मागे पाय सोडून बसलेल्या जवानांत बाईंना दीर दिसला. शेजारच्या जवानाचा पट्टा वेगळ्याच पलटणीचा होता आणि दोघे एकाच बाटलीतून आळीपाळीने पाणी पीत होते. बाईंनी डोळे पुसले. दीर त्यांच्या आधी घरी पोचला, आणि आपलं नाव रेडिओवर घेतलं नाही म्हणून आई अजून रुसलेली आहे असं त्याला कळलं.

चौघे शिडी उतरून खाली आले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे जण म्हणजे सगळेच जण गेले होते. दोन्ही साहेबांचे अंगरक्षक गेले होते. दोन्ही सचिव गेले होते. वाहनं आहेत त्यांनी वाहनं घेऊन जावं म्हटल्यामुळे दोन्ही चालक दोन्ही गाड्या घेऊन गेले होते. उरली होती ती रेडिओ केंद्राची जुनी डबडा गाडी, कारण ती चालवणारा भोंगा खोक्यात होता.

राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान मागच्या बाजूला वायरींच्या भेंडोळ्यांवर शेजारी शेजारी बसले. बाई पुढे बसल्या. गाडी खोक्यामागच्या रिकाम्या गल्लीतून राजरस्त्याकडे चालली होती, पण भोंगा ती काचेचं सामान असल्यासारखी सांभाळून नेत होता. मागे वळून पाहायचं धाडस बाईंना होईना. देशाचं सगळं राज्य आपल्या पाठीमागे वायरींवर बसून हिंदकळतंय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

गल्ली राजरस्त्याला मिळते आणि जिथून एका हाताला पूल, दुसऱ्या हाताला स्टेशन लागतं त्या चौकात भोंग्याने गाडी थांबवली. तो मागे वळला आणि आपल्या बारीक आवाजात त्याने विचारलं, की आधी कुणाला सोडू.

मागे दोघेही वायरींवर जरा सावरून बसले.

"आधी त्यांना सोडा," राष्ट्राध्यक्ष म्हणाले.

"छे, छे. आधी त्यांना," पंतप्रधान म्हणाले. "माझी काही घाई नाही."

"अहो, तुमचं घर जवळ आहे."

"म्हणून काय झालं? वयाने तुम्ही मोठे."

दिवा हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. दोघांपैकी कुणीच माघार घ्यायला तयार नव्हतं. भोंग्याने बाईंकडे पाहिलं. काहीतरी बोला, असं तो डोळ्यांनी विनवत होता. बाईंनी तोंड उघडलं, क्षणभर विचार केला, आणि मिटून घेतलं. मग भोंग्याने हात पुढे करून इंजिन बंद केलं.